नोंदवहीतली विषमता ग्रामसभेपर्यंत कशी न्यावी

कोणत्या वस्तीतल्या गरोदर बाईचे हिमोग्लोबिन सातच्या वर जात नाही आणि कोणत्या आळीत रोज नळाला पाणी येते, हे उपकेंद्रावरच्या आरोग्यसेविकेला तोंडपाठ असते. हे ज्ञान निर्णय होतात तिथे पोहोचवणे, हे परिचर्येचे राजकीय काम आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी रुग्णांची सेवा करता करता प्राण गमावले; सेवा आणि समतेचा आग्रह त्यांनी कधी वेगळे मानले नाहीत. पक्षीय राजकारण मात्र शासकीय सेविकेला वर्तणूक नियमांनुसार वर्ज्य आहे, म्हणून सारे लेखी आणि कार्यालयीन मार्गाने करावे.

आरंभ नोंदवहीपासून करावा. गावाची सरासरी विषमता झाकते, म्हणून गरोदरपणाची उशिरा झालेली नोंदणी, तीव्र रक्तक्षय, घरी झालेली प्रसूती आणि अपुरे लसीकरण यांचे आकडे वस्तीनिहाय मांडावेत, आणि प्रत्येक वस्तीपुढे पावसाळ्यातला रस्ता, पाणी व स्थलांतर यांची स्थिती लिहावी. सर्वांत जपून लिहायचा तो शेरा. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेल्या बाईपुढे ‘तपासणीस येत नाही’ असे लिहिले की दोष तिच्या माथी बसतो. ‘स्थलांतरित, कारखान्याच्या तळावर तपासणीची सोय नाही’ असे लिहिले की उत्तर देण्याची जबाबदारी यंत्रणेवर येते. मला तर या कामाचा अर्धा भाग शेऱ्यातच आहे असे वाटते.

गावात मांडताना नावे वगळावीत. लहान पाड्यावर वय आणि जात एवढ्यावरूनही बाई ओळखू येते.

ग्रामसभेपूर्वी होणाऱ्या महिला सभेत हा तक्ता आधी ठेवावा, कारण तिथे बायका मोकळेपणाने बोलतात आणि त्या सभेच्या शिफारशी ग्रामसभेपुढे जातात. पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा कायदा लागू आहे तिथे, पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा असल्यास तिथेच जावे. मागणी नेमकी असावी. ‘आरोग्यसेवा सुधारा’ या ठरावाने काहीच हलत नाही; पण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार २०११ पासून सरकारी दवाखान्यात जाण्यायेण्याचे वाहन, औषधे आणि सिझेरियनसुद्धा मोफत असताना, अमुक पाड्यावर वाहन का पोहोचत नाही, हा प्रश्न टाळता येत नाही.

ठरावाची प्रत वैद्यकीय अधिकाऱ्यांना देऊन पोच घ्यावी, आणि पुढच्या सभेत त्याचा कार्यवाही अहवाल पहिल्या विषयातच वाचला जावा, अशी मागणी वस्तीतल्या बायकांकडूनच करवून घ्यावी.