खान्देशच्या उन्हाळ्यात टिकणारी, कमी खर्चाची कंपोस्ट बादली

स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याचे खत करण्यासाठी महागडा संच विकत घेण्याची गरज नाही. भिंतीच्या रंगाची रिकामी झालेली, झाकणासह २० लिटरची बादली पुरते आणि ती रंगकाम करणाऱ्यांकडे किंवा भंगाराच्या दुकानात सहज मिळते. ती साबणाने स्वच्छ धुऊन वाळवावी. कीटकनाशकाची बादली किंवा कॅन मात्र कितीही धुतला तरी या कामासाठी वापरू नये.

खान्देशात या कामाची खरी अडचण दुर्गंधी नसून कोरडेपणा ही आहे. जळगाव, भुसावळ, धुळे या भागांत एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, हवा कोरडी असते, आणि अशा वेळी बादलीतील कचरा कुजण्याऐवजी नुसता वाळून जातो, कारण तो कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना हवेइतकीच ओलीचीही गरज असते. म्हणून दमट हवेच्या गावांत चालते तशी सर्वांगाला छिद्रे पाडलेली बादली येथे उपयोगाची नाही.

बादलीच्या तळाला ८ ते १० छिद्रे पाडावीत आणि बाजूंना, वरचा एकतृतीयांश भाग सोडून, साधारण एक वीतभर अंतरावर छिद्रांच्या दोनच रांगा घ्याव्यात. छिद्र ६ ते ८ मिलिमीटरचे असावे. ड्रिल नसेल तर जाड खिळा सांडशीत धरून तापवावा व त्याने छिद्रे पाडावीत. प्लास्टिक वितळताना निघणारा धूर अपायकारक असल्यामुळे हे काम उघड्यावरच करावे. झाकणाला छिद्रे पाडू नयेत. तयार बादली दोन विटांवर, खाली जुनी परात ठेवून, उत्तरेकडील भिंतीच्या कडेला किंवा झाडाच्या दाट सावलीत ठेवावी. गच्चीवर उन्हात ती ठेवण्याचा मोह टाळावा.

तळाशी पऱ्हाट्यांचे (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचे) बोटभर लांबीचे तुकडे दोन इंच जाडीचे पसरावेत, म्हणजे खालून हवा खेळती राहते. त्यावर सुक्या पाल्याचा थर द्यावा आणि मूठ-दोन मुठी जुने शेणखत टाकावे, कारण कुजवणारे सूक्ष्मजीव त्यातूनच येतात.

सुका पाला हा या पद्धतीचा कणा आहे, आणि तो वर्षभर पुरेल इतका एकदाच साठवावा लागतो. साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंब आणि पिंपळ यांची पाने गळतात. ती जाळून टाकण्याऐवजी दोन-तीन गोण्या भरून कोरड्या जागी ठेवाव्यात. भुईमुगाच्या शेंगांची टरफलेही चांगली चालतात. गाजरगवत मात्र फुलावर किंवा बियांवर आलेले असेल तर कधीही घेऊ नये.

रोजचा ओला कचरा बारीक चिरून टाकावा. केळीच्या सालींत पाणी भरपूर असते, त्यामुळे उन्हाळ्यात त्या फार उपयोगी पडतात. भरिताच्या वांग्यांची भाजून काढलेली सालेही चालतात, पण तेल-फोडणी घातलेले उरलेले भरीत, मांस-मासे आणि दुधाचे पदार्थ बादलीत घालू नयेत. आंब्याच्या कोयी लवकर कुजत नाहीत, म्हणून त्या वेगळ्या ठेवाव्यात. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर उन्हाळ्यात तितकाच, तर पावसाळ्यात त्याच्या दुप्पट सुका पाला पसरावा; ओला कचरा शेवटपर्यंत झाकलेलाच राहिला पाहिजे.

ओल तपासण्यासाठी मूठभर मिश्रण घट्ट दाबून पाहावे. हाताला ओल लागावी, पण पाणी गळू नये. ते भुसभुशीत कोरडे वाटल्यास पाणी शिंपडून ढवळावे, आणि मे महिन्यात वरच्या थरावर ओले गोणपाट अंथरून मगच झाकण लावावे. उलट, पाणी गळत असेल किंवा आंबूस वास येत असेल तर सुका पाला मिसळून काठीने खालवर करावे. एरवी तीन-चार दिवसांतून एकदा ढवळणे पुरेसे आहे. चिलटे दिसू लागल्यास वरचा सुका थर जाड करावा. पांढरट अळ्या आढळल्या तरी घाबरण्याचे कारण नाही, कारण त्या कचराच खातात.

बादली भरली की तिच्यात नवीन कचरा टाकणे थांबवावे आणि दुसरी बादली सुरू करावी. दोन बादल्यांची ही आलटून-पालटून व्यवस्था आवश्यक आहे, कारण एकाच बादलीत रोज भर पडत राहिल्यास खत कधीच पूर्ण होत नाही. भरलेल्या बादलीची ओल मात्र सांभाळत राहावी. साधारण दोन ते तीन महिन्यांत आतला ऐवज काळसर होतो, त्याला पावसाळी मातीचा वास येतो आणि पाने किंवा साले ओळखू येत नाहीत. हे खत चाळून घ्यावे, चाळणीवर उरलेला जाडाभरडा भाग नव्या बादलीत विरजण म्हणून टाकावा, आणि कुंड्यांसाठी तीन भाग मातीत एक भाग खत मिसळावे. तापीकाठची काळी माती वाळली की भेगाळते व भिजली की चिकट होते. तिच्यात हे खत मिसळल्यास ती मोकळी राहते आणि मुळांना हवा मिळते.