रूप बदलणाऱ्या ड्रुइडला दुसऱ्या क्लासची जोड देण्याआधी

ड्रुइड म्हणजे निसर्गाचे मंत्र वापरणारा क्लास (पात्राचा प्रकार). कॅरेक्टर शीट भरायला घेण्यापूर्वी डीएमकडून (खेळ चालवणाऱ्याकडून) दोन गोष्टी पक्क्या करून घ्याव्यात: खेळ डन्जन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका-खेळाच्या 2014च्या नियमांनी चालणार की 2024च्या, आणि मल्टिक्लासला (एकाच पात्रात दोन क्लास घेण्याला) मुभा आहे का. जुन्या नियमांत वाइल्ड शेप, म्हणजे प्राण्याचे रूप, घेतल्यावर प्राण्याचे वेगळे हिट पॉइंट्स (किती मार सोसता येईल याचा आकडा) मिळतात आणि ते संपले की ड्रुइड मूळ रूपात येतो. नव्या नियमांत स्वतःचेच हिट पॉइंट्स राहतात आणि त्यांवर तात्पुरत्यांची भर पडते. पुढील मांडणी 2014च्या नियमांना आणि सर्कल ऑफ द मून या रूप बदलून लढणाऱ्या उपशाखेच्या ड्रुइडला (मून ड्रुइडला) धरून आहे.

त्यानंतर मोहीम साधारण कोणत्या लेव्हलपर्यंत चालणार हे विचारावे. हा प्रश्न बहुतेक जण विसरतात, आणि माझ्या मते निम्मा निर्णय त्यावरच अवलंबून असतो. मून ड्रुइडला दुसऱ्या लेव्हलपासून चॅलेंज रेटिंग (प्राणी किती ताकदवान याचा आकडा) 1 पर्यंतच्या प्राण्यांचे रूप घेता येते; सहाव्यापासून ड्रुइडच्या लेव्हलला तीनने भागून येणारा पूर्णांक ही मर्यादा ठरते, म्हणजे सहाव्याला 2, नवव्याला 3, बाराव्याला 4. या भागाकारात दुसऱ्या क्लासची लेव्हल धरली जात नाही. त्यामुळे मोहीम आठव्या लेव्हलला संपणार असेल, तर ड्रुइडच्या सहा आणि दुसऱ्या क्लासच्या दोन लेव्हल घेऊनही रूपांच्या चॅलेंज रेटिंगच्या बाबतीत काही गमवावे लागत नाही, मात्र सातव्या लेव्हलला मिळणारे चौथ्या पातळीचे मंत्र आणि आठव्याला मिळणारी उडणारी रूपे हुकतात. मोहीम नवव्या लेव्हलपर्यंत जाणार असेल, तर एकच लेव्हल बाहेर घेतली तरी शेवटचा मोठा प्राणी हाती लागत नाही. विसाव्या लेव्हलपर्यंत खेळायचे असेल, तर अमर्याद वाइल्ड शेप देणारे शेवटचे वैशिष्ट्य सोडावे लागेल, हे आधीच मान्य करावे.

मग पात्राच्या मूलभूत क्षमतांचे आकडे तपासावेत. मल्टिक्लास करताना ड्रुइडसाठी किमान विस्डम (शहाणपण) 13 लागतेच. आवेशाने लढणाऱ्या बार्बेरियनसाठी स्ट्रेंग्थ (ताकद) 13 आणि हातापायांनी लढणाऱ्या मंकसाठी डेक्स्टेरिटी (चपळाई) व विस्डम दोन्ही 13 हवेत. रूप बदलल्यावर स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी आणि कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) प्राण्याचे येतात, विस्डम मात्र आपले राहते. म्हणून बार्बेरियनसाठी वाढवलेली स्ट्रेंग्थ अस्वलाच्या रूपात काहीच कामाची नसते.

आता खरी तुलना करावी. तपकिरी अस्वलाचा आर्मर क्लास (शत्रूला किती अवघडपणे लागतो याचा आकडा) 11 आणि हिट पॉइंट्स 34 असतात. बार्बेरियनच्या चिलखताविना संरक्षणाने, अस्वलाची डेक्स्टेरिटी 10 व कॉन्स्टिट्यूशन 16 धरून, आर्मर क्लास 13 होतो. मंकच्या संरक्षणाने, आपली विस्डम 18 असेल तर, 14 होतो. हे संरक्षण दोन्ही क्लासकडून मिळून घेता येत नाही. बार्बेरियनचे खरे मोल रेजमध्ये (लढाईतील आवेशात) आहे, कारण तेव्हा मार, भोसक आणि काप या तिन्ही प्रकारचे नुकसान निम्मे होते आणि तेच 34 हिट पॉइंट्स जवळपास दुप्पट टिकतात. मात्र रेज आणि मून ड्रुइडचा वाइल्ड शेप दोन्हींना बोनस ॲक्शन (पाळीत एकदाच मिळणारी जादा कृती) लागते, तेव्हा ते एकाच पाळीत जमत नाहीत. शिवाय रेजमध्ये कॉन्सन्ट्रेशन (मंत्र चालू ठेवणारी एकाग्रता) तुटते. रूप घेण्याआधी मंत्र लावून तो लढाईभर टिकवण्याची ज्याला सवय आहे, त्याने मंकच निवडावा, असे मी ठामपणे सुचवेन.

फायटरची जादा हल्ल्याची क्षमता अस्वलाच्या मल्टिअटॅकला (एकाच कृतीतील अनेक हल्ल्यांना) जोडली जात नाही, आणि रोग या क्लासच्या स्नीक अटॅकला (संधी साधून केलेल्या जादा नुकसानीच्या हल्ल्याला) फिनेस (चपळाईने चालवायचे) किंवा दूरवरचे शस्त्र लागते, जे नखे व दात नाहीत; हे दोन पर्याय लगेच बाजूला ठेवता येतात. क्लेरिक या मंत्र वापरणाऱ्या क्लासच्या लेव्हल मंत्रांच्या स्लॉटमध्ये (मंत्र वापरण्याच्या मोजक्या संधींमध्ये) पूर्ण मिळवल्या जातात, म्हणून मंत्रांवर भर देणाऱ्याला तो चालतो, पण प्राण्याच्या रूपात त्याचा उपयोग थोडाच आहे.

निवड झाली की नेहमीच्या तीन-चार प्राण्यांचे आकडे बदललेल्या आर्मर क्लाससह स्वतंत्र कार्डांवर लिहावेत, आणि मंकची कोणती वैशिष्ट्ये पंजांनी वापरता येतील याबाबत डीएमचा निर्णय पहिल्या सत्राआधीच त्याच कार्डांवर नोंदवावा.