कोकणातल्या लहान शहरात फिल्म सोसायटी कशी चालवावी

दशावतारासाठी देवळाच्या आवारात रात्रभर बसणारा आणि नाट्यस्पर्धेतल्या प्रयोगावर दुसऱ्या दिवशी नाक्यावर हिरिरीने बोलणारा प्रेक्षक कोकणात पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्याच्यासमोर जगभरातला उत्तम चित्रपट नियमितपणे ठेवायचा असेल, तर नफा न कमावणारी फिल्म सोसायटी हा आजही सर्वांत टिकाऊ मार्ग आहे.

नोंदणीचे काम आधी उरकावे. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात सभासद लागतात आणि महाराष्ट्रात अशा संस्थेची सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय कार्यालयाकडेही नोंद करावी लागते. घटनेतल्या उद्दिष्टांत प्रदर्शनाबरोबर ‘चित्रपट-शिक्षण’ हा शब्द स्पष्टपणे घालावा, कारण पुढे शाळा-महाविद्यालयांशी बोलताना तोच उपयोगी पडतो. त्यानंतर फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडियाचे सभासदत्व घ्यावे. १९५९ साली स्थापन झालेल्या या महासंघाचे पहिले अध्यक्ष सत्यजित राय होते. मुंबईत १९६८ पासून काम करणाऱ्या प्रभात चित्र मंडळासारख्या संस्थेच्या जाणत्या कार्यकर्त्यांशीही सुरुवातीलाच बोलून घ्यावे. खेळ सभासदांसाठीच ठेवावेत, तिकीट लावू नये आणि वार्षिक वर्गणी महाविद्यालयीन मुलांना परवडेल इतकीच असावी.

हक्कांच्या बाबतीत ढिलाई नको. घरी पाहण्यासाठी घेतलेली डिस्क किंवा ओटीटीचे खाते सभागृहात चालवण्याची परवानगी देत नाही. निर्माता, वितरक किंवा दिग्दर्शक यांच्याकडून लेखी संमती घ्यावी. नव्या दिग्दर्शकांना पत्र लिहिल्यास ते बहुधा आनंदाने होकार देतात. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो, त्यामुळे जुन्या मूकपटांपासून सुरुवात करणे सोपे जाते. शैक्षणिक संस्थेच्या कार्यक्रमात प्रेक्षक केवळ विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित व्यक्ती असतील, तर त्याच कायद्यात वेगळी सवलत आहे.

जागेसाठी मोठ्या नाट्यगृहामागे धावू नये. वाचनालयाचा वरचा मजला किंवा शाळेचे सभागृह पुरेसे होते. मात्र पत्र्याचे छप्पर टाळावे, कारण आषाढातल्या सरी सुरू झाल्या की एकही संवाद कानांवर पडत नाही. दहा फूट रुंद पडद्यासाठी ३,५०० ते ४,००० ल्युमेन इतका प्रकाश देणारा फुल एचडी प्रोजेक्टर अंधाऱ्या खोलीत उत्तम चालतो. पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फुटांहून वर ठेवावी, नाहीतर पुढच्या रांगेतली डोकी सबटायटल्स झाकतात. जुन्या चित्रपटांची चौकट जवळजवळ चौरस असते. पडदा भरावा म्हणून ती ताणू नये, बाजूंना काळे कापड लावावे. पावसाळ्यात वीज जाणारच, हे गृहीत धरून प्रोजेक्टरला यूपीएस जोडावा, कारण दिव्याच्या प्रोजेक्टरचा पंखा अचानक बंद पडला की तापलेला दिवा लवकर खराब होतो. दमट हवेत भिंगावर बुरशी धरते, म्हणून यंत्र सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावे आणि खेळ नसला तरी आठवड्यातून एकदा चालू करून पाहावे. जुलै २००५ आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले होते. नदीकाठच्या शहरांत हे सामान तळमजल्यावर ठेवूच नये.

महिन्यातला एक वार ठरवावा आणि तो मोडू नये. वर्षाचे वेळापत्रक आखतानाच गणपती, शिमगा आणि गावच्या जत्रेच्या तारखा वगळाव्यात, भाताच्या लावणीच्या दिवसांत खेळ उशिरा ठेवावा. मे महिन्यात चाकरमानी घरी असतात. तेव्हा मुलांसाठी खास खेळ जरूर ठेवावेत.

परभाषिक चित्रपटाला इंग्रजी सबटायटल्स असतात आणि ज्येष्ठ सभासद तिथेच मागे पडतात. हक्कधारकाच्या संमतीने मराठी सबटायटल्स तयार करणे हे संस्थेचे सर्वांत मोलाचे काम ठरू शकते. संगणकावरच्या साध्या मजकूर-फाइलमध्ये वेळ आणि वाक्य लिहावे लागते. एका वेळी दोनच ओळी, त्याही लहान. महाविद्यालयातली मुले हे काम करता करता संवाद कुठे संपतो आणि शांतता कुठे बोलू लागते, हे आपोआप शिकतात.

चर्चेवाचून खेळ अपुरा आहे, असे माझे ठाम मत आहे. चित्रपटाआधी पाच मिनिटांहून अधिक बोलू नये आणि कथा सांगू नये. नंतर ‘आवडला का?’ असे न विचारता ‘काय दिसले, काय ऐकू आले?’ असे विचारावे. शाळेत तर एकच तीन-चार मिनिटांचा प्रसंग तीनदा दाखवावा: प्रथम आवाज बंद करून, मग पडदा झाकून केवळ आवाज, आणि शेवटी दोन्ही एकत्र. दाराची कडी, लाटांची गाज, कोणाच्या तरी पावलांचा आवाज यांवरून मुले न दिसलेल्या जागेचे वर्णन करू लागतात. तेव्हा शिक्षकाने मध्ये न बोलता ती वर्णने फळ्यावर लिहीत जावे.

पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आणि चित्रपट संग्रहालय यांनी चालवलेल्या रसास्वाद वर्गांची परंपरा मोठी आहे. दरवर्षी एका तरी सभासदाला अशा अभ्यासक्रमाला पाठवण्याची तरतूद अंदाजपत्रकात करावी आणि परतल्यावर पुढच्या तीन महिन्यांच्या चर्चा त्याच्याकडे किंवा तिच्याकडे सोपवाव्यात.