हृदयाच्या पेशीला ‘लवचिक’ म्हणताय? या चुका टाळा

पहिल्या वर्षाच्या मुलांच्या जर्नलमध्ये एक वाक्य दर वर्षी भेटतं : ‘हृदयाचा स्नायू लवचिक असतो.’ मी त्याखाली लाल रेघ मारतो आणि मुलं खट्टू होतात, कारण यात चूक काय ते त्यांना दिसत नाही. चूक शब्दातच आहे. वेताची काठी लवते, ती लवचिक. ओढताना विरोध करणारी आणि सोडल्यावर मूळ मापावर परतणारी वस्तू स्थितिस्थापक. पोलाद रबरापेक्षा जास्त स्थितिस्थापक, हे बारावीला घोकलेलं असतं. शरीरक्रियाशास्त्राच्या तासाला मात्र ते दाराबाहेर चपलांबरोबर राहतं. ‘ताण’ या शब्दाची तर दैनाच. एकाच परिच्छेदात त्याचा अर्थ प्रतिबल (स्ट्रेस), विकृती (स्ट्रेन, म्हणजे आकारातला बदल) आणि परीक्षेचं टेन्शन असा तिन्ही होतो.

आम्हा सांगली-मिरजेकरांना उदाहरणासाठी लांब जावं लागत नाही. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या एखाद्या कारागिराच्या दुकानात पाच मिनिटं उभं राहा. खुंटी पिळली की तारेतला ताण वाढतो, सूर चढतो, पण तारेचं पोलाद तेच राहतं. ताण वेगळा, ताठरपणा वेगळा. हृदयाच्या पेशीतही आकुंचनाच्या वेळी निर्माण होणारं बल ही एक गोष्ट आणि पेशी शांत असताना ओढली तर ती करते तो विरोध ही दुसरी. उत्तरपत्रिकेत या दोघांची खिचडी होते.

तंबोऱ्याची उपमा इथपर्यंतच चालते. पेशी जसजशी ओढावी तसतशी ती स्वतःच जास्त ताठर होत जाते. म्हणून ‘ताठरपणा इतके किलोपास्कल’ असा एकच आकडा लिहून मोकळं होऊ नका. पेशी किती ओढली होती, किती वेगानं ओढली, वरून सुईनं दाबली की दोन टोकं धरून ताणली, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. आणि उंदराचा आकडा माणसाला चिकटवू नका.

या ताठरपणाचं बरंचसं श्रेय टायटिन नावाच्या प्रथिनाला जातं. माणसाच्या शरीरातलं हे सर्वात मोठं प्रथिन. एकच रेणू सार्कोमिअरच्या, म्हणजे स्नायूतल्या आखडणाऱ्या सर्वात लहान खणाच्या, कडेपासून मध्यापर्यंत, म्हणजे सुमारे एक मायक्रोमीटर पसरलेला असतो. मुलं त्याला ‘जास्त ताणू न देणारी दोरी’ म्हणतात. अर्धंच बरोबर आहे. पेशी आखडून मूळ लांबीपेक्षा लहान झाली की हीच दोरी स्प्रिंगसारखी दाबली जाते आणि पेशीला पुन्हा लांब ढकलते. पेशींच्या बाहेरच्या कोलॅजनच्या जाळ्याचा वाटाही असतोच. स्नायू खूप ताणला गेला की हा वाटा वाढत जातो.

आलेखातली चूक सर्रास होते. सांगाड्याच्या स्नायूचा लांबी-बल आलेख, तो चढून सपाट होऊन उतरणारा, जसाच्या तसा हृदयाच्या प्रश्नात उतरवतात. निरोगी हृदय साधारण १.८ ते २.२ मायक्रोमीटरच्या सार्कोमिअरवर, म्हणजे चढणीवरच काम करतं. उतारापर्यंत जायला त्याचा ताठरपणाच देत नाही. जास्त भरलं की जास्त जोरानं पिळतं, हा फ्रँक आणि स्टार्लिंग यांचा नियम लिहिताना कारण म्हणून फक्त ‘तंतू एकमेकांवर नीट येतात’ एवढंच लिहू नका. पेशीला आखडायचा इशारा कॅल्शियम देतं; ताणलेली पेशी तेवढ्याच कॅल्शियमला जास्त प्रतिसाद देते, आणि गुण बहुधा तिथंच जातात.

सर्वात मोठी चूक मात्र वेगळी आहे. पिळणं म्हणजे काम आणि सैल होणं म्हणजे विश्रांती, असं सगळे धरून चालतात. सैल व्हायलाही ऊर्जा लागते. आत सुटलेलं कॅल्शियम पंपांनी पुन्हा कोठारात भरावं लागतं, आणि तंतू ओढणाऱ्या मायोसिन या प्रथिनाची पकड सुटायला एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, लागतं. एटीपी संपलं की काय होतं, ते मृत शरीराच्या आखडलेल्या हातापायांवर दिसतं. नाडी ७५ असताना एका ठोक्याचे ०.८ सेकंद, त्यातले सुमारे ०.५ भरण्यासाठी. सांगलीच्या आमराई बागेत सकाळी धावताना नाडी १५० झाली की अख्खा ठोकाच ०.४ सेकंदात उरकतो, आणि कात्री जास्त लागते ती भरण्याच्या वेळेला. तेव्हा पेशी झटपट सैल झाली नाही तर पिळायला रक्तच नसतं.

कॅल्शियमचा धडा मी स्वतः फजिती होऊन शिकलो. आमच्या वेळी प्रयोगाला बेडकाचं हृदय आणि त्याचे ठोके नोंदवायला धूर धरलेला कागद आणि फिरता ड्रम असायचा. एकदा आमच्या टेबलावरचं हृदय काही मिनिटांत मलूल झालं. आम्ही तरफ बदलली, दोरा बदलला, बेडकाला नावं ठेवली. शेवटी कळलं की द्रावण करताना कॅल्शियम क्लोराइड घालायचं मीच विसरलो होतो. सिडनी रिंगर या ब्रिटिश डॉक्टरांकडे नेमकं उलटं घडलं होतं. त्यांचं द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी लंडनच्या नळाच्या पाण्यात बनलं होतं, म्हणून हृदय चालत राहिलं. शुद्ध पाणी घेतल्यावर ते थांबलं, आणि १८८३ मध्ये त्यांनी कॅल्शियमचं महत्त्व मांडलं. तेव्हा प्रयोग फसला की आधी द्रावण बघा, मग तापमान. थंडीत पेशी सावकाश सैल होते. २५ अंशांवरचं मोजमाप ३७ अंशांच्या शरीराला लावायचं नाही.

पिळणं तेवढं बघायचं आणि सैल होणं विसरायचं, हीच गफलत घरोघरी टू-डी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टवर होते. माझ्या काकांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला : ‘इजेक्शन फ्रॅक्शन ६० टक्के. हृदय ठणठणीत!’ भरलेल्या रक्तापैकी किती बाहेर फेकलं, एवढंच तो आकडा सांगतो. १०० मिलिलिटर भरून ६० फेकले तरी ६० टक्के आणि ७० भरून ४२ फेकले तरी ६० टक्केच. ताठर हृदय नीट भरत नसेल, तर टक्केवारी चांगली असूनही दम लागू शकतो. त्याच रिपोर्टमध्ये खाली ‘डायस्टोलिक डिस्फंक्शन’, म्हणजे सैल होऊन भरण्यातला बिघाड, लिहिलं होतं. ती ओळ काकांनी वाचलीच नव्हती. काही जण उलट ती ओळ वाचून रात्रभर झोपत नाहीत. खरं तर त्याची पहिली श्रेणी उतारवयात पुष्कळांना निघते, आणि तिचा अर्थ त्रास, रक्तदाब, बाकीची मापं असं सगळं पाहून डॉक्टरच लावतात.

मी काकांना फोन केला. ‘जिना चढताना दम लागतो का?’

‘दुसऱ्या मजल्यावर थांबतो जरा. पण ते वयामुळं रे.’

त्याच संध्याकाळी रिपोर्टची फाइल काखेत मारून त्यांना मिरजेला डॉक्टरांकडे नेलं.