घरातला कॉम्प्युटर आणि लहान मुलं : सेटिंग कसं करायचं

सगळ्यात आधी कॉम्प्युटर हॉलमध्ये आणा, स्क्रीन सगळ्यांना दिसेल अशी, मुलांच्या खोलीत दार लावून नकोच. मग विंडोजमध्ये मुलाचं वेगळं अकाउंट काढा, स्टँडर्ड ठेवा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, म्हणजे सगळी सेटिंग बदलायचा हक्क, देऊ नका, आणि ते मायक्रोसॉफ्ट फॅमिली सेफ्टीला जोडा, तिथे रोजची वेळ ठरवता येते, नको त्या साइट्स बंद करता येतात आणि मुलाने काय पाहिलं तेही कळतं. अँड्रॉइड फोन-टॅबला अशाच कामासाठी गूगलचं फॅमिली लिंक अ‍ॅप, फुकट आहे.

यूट्यूब किड्स नुसतं टाकून देऊन चालत नाही बरं का, त्यातही काहीही येतं. पालकांच्या सेटिंगमध्ये जाऊन फक्त तुम्ही निवडलेले व्हिडिओच दिसतील असा पर्याय आहे तो लावा, मग सर्चच बंद होतो. अर्धा तास जातो निवडायला पण अगदी लहान मुलांसाठी मला हेच सगळ्यात पटतं.

राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) असतं, तिथे १.१.१.३ आणि १.०.०.३ टाका, क्लाउडफ्लेअर कंपनीचं आहे, अश्लील साइट्स वायफायवरच अडतात. मोबाइल डेटावर मात्र नाही.

वेळेचं म्हणाल तर डब्ल्यूएचओने २०१९ मध्ये सांगितलंय, २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला १ तासापेक्षा जास्त नको, त्याहून कमी तर उत्तमच.

आणि काही विचित्र दिसलं तर आईबाबांना येऊन सांगायचं, आम्ही ओरडणार नाही, हे मुलांना परत परत सांगा आणि खरंच ओरडू नका.