सातवीला 'वेगवेगळी माणसं' शिकवायची तर आधी काय काय तयार ठेवायचं

वेगवेगळ्या समाजांतल्या माणसांवरचे उतारे वर्गात वाचायचे तर पुस्तकं नंतर काढा, आधी हजेरीपट काढा आणि कुणाच्या घरी काय बोलतात, काय खातात, कोण कुठून आलंय हे जेवढं माहितीये तेवढं आठवून बघा. एकाच बाकावर घरी हिंदी बोलणारा, अहिराणी बोलणारी आणि आईबाप ऊसतोडीला निघाले की मधेच गायब होणारा असे तिघं असू शकतात. हे आठवायचं कारण एवढंच की ज्याच्या समाजावरचा उतारा असेल त्याच्याकडे वळून 'सांग रे, तुमच्यात कसं असतं' असं आपल्या तोंडून चुकूनही निघायला नको, त्याला बोलायचं असेल तर तो बोलेल की, बारा वर्षांच्या पोराला अख्ख्या समाजाचा प्रवक्ता कशाला करायचं.

मग निवड. चार तुकडे पुरे, दहा घेतले तर एकही धड होत नाही.

बहिणाबाईंची एखादी कविता घ्याच, पण घरी मोठ्याने वाचून बघा, कारण वर्गात पहिलं खुसूखुसू हसणं त्या बोलीवरच होतं आणि आपणच नाटकातल्या गावंढळ आवाजात वाचलं तर मग बोलायलाच नको. खानदेशातलं कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्याकडून फोनवर रेकॉर्ड करून घ्या. बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हतं, मुलगा सोपानदेव वगैरेंनी गाणी उतरवून ठेवली आणि पुस्तक आलं 1952 मध्ये, त्या गेल्यावर, हे आधी सांगा म्हणजे हसणारे जरा थांबतात. मग प्रत्येकाने घरचा एक शब्द आणायचा, फळ्यावर लिहायचा, आणि शेजारी 'शुद्ध शब्द' म्हणून काहीही लिहायचं नाही.

दुसरा कागद श्रीगोंद्याचे मुसलमान संतकवी शेख महंमद आणि गोव्यातले फादर स्टीफन्स यांचा, दोघांच्या दोन-चार ओळी एकाच पानावर झेरॉक्स करा. स्टीफन्स इंग्लंडहून आलेले जेझुइट पंथाचे ख्रिस्ती धर्मगुरू, त्यांचं ख्रिस्तपुराण 1616 मध्ये राचोलला छापलं गेलं, मराठी ओव्यांमध्ये पण रोमन अक्षरात, कारण देवनागरीचे छपाईचे खिळेच नव्हते. हे पोरांना फार आवडतं, तीपण व्हॉट्सअ‍ॅपवर मराठी तशीच टाइप करतात ना! फक्त आपल्या टाचणात 'मुसलमान असूनही अभंग लिहिले' असलं काही असेल तर ते 'असूनही' आत्ताच खोडा. ज्या माणसाची ती भाषाच होती त्याचं कौतुक कसलं करताय?

सगळ्यात जास्त वेळ तिसऱ्याला ठेवा. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या' या आत्मकथनातला शाळेत जाण्याचा भाग (1988 चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे, हेडसरांनी विचारलं तर सांगायला बरं). पुस्तक पूर्ण वाचल्याशिवाय वर्गात नेऊ नका, मारहाणीचे काही भाग या वयाला नकोत, पानं आधीच ठरवा. जातीवाचक शिव्या मोठ्याने वाचायच्या की तिथे थांबायचं हेही घरीच ठरवा, मी थांबते आणि का थांबले ते सांगते. सोबत अर्ध्या पानाची माहिती लागेल, की 1871 मध्ये इंग्रजांनी कायदा करून काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं, पोलिसांकडे हजेरी लावायला लावली, आणि तो कायदा रद्द झाला 1952 मध्ये, म्हणजे स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षांनी. कुणीतरी हमखास म्हणणार, 'पण मॅडम, ते चोऱ्या करायचेच ना?' या प्रश्नाला दटावायचं नाही, लेखकाने स्वतःच काही लपवलेलं नाहीये, तेव्हा उलट विचारा की जमीन नाही, काम कुणी देत नाही, गावात काही हरवलं की पोलीस पहिले याच घरी येतात, तर या घरातल्या माणसाने सकाळी उठून काय करायचं? उत्तरं येतात, वेळ द्या, घंटा झाली तरी चालतं.

चौथा तुकडा मात्र हलकाफुलका आणि हसवणारा हवा, नाहीतर पोरांना वाटतं दुसऱ्या समाजाची गोष्ट म्हणजे रडगाणंच. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठीत ढिगाने गोष्टी आहेत, फुकट, प्रिंट काढता येते. त्यात अशी शोधा जिथे मूल दुसऱ्या प्रांतातलं आहे पण गोष्ट हरवलेल्या शेळीची किंवा भावाच्या खोड्यांची आहे.

प्रश्न आधी लिहून काढा. 'या लोकांचं जीवन कसं असतं' हा प्रश्न काढून टाका आणि 'त्या मुलाने इथे काय करायला हवं होतं असं तुला वाटतं, आणि तू असतास तर केलं असतंस का' हा घाला.

बाकी किरकोळ. हेडसरांना उतारे आधी दाखवा, पालकांच्या ग्रुपवर दोन ओळी टाका, झेरॉक्स पाच जास्त काढा. मार्क ठेवू नका, कारण मार्क ठेवले की सगळे 'विविधतेत एकता' लिहून मोकळे होतात. चार तुकड्यांनंतर एक पिरियड रिकामा सोडा, भांडणं आणि उरलेले प्रश्न तिथे काढायला. आणि शाळेत वेशभूषा दिन असेल तर त्या कमिटीला आत्ताच सांगा की आमच्या वर्गाचं नाव यंदा नको.