ग्रीसच्या सहलीत तिथला स्वयंपाक हातानं कसा शिकावा

अथेन्समधल्या माझ्या पहिल्या स्वयंपाकाच्या वर्गात मी अडीच तासांत एक काकडी चिरली. बारा माणसं, एक ओटा, दोन सुऱ्या. शिकवणारा तरुण गप्पिष्ट होता, पदार्थ अर्धेअधिक आधीच तयार होते आणि आम्ही पाळीपाळीनं पातेल्यात डाव फिरवून फोटो काढून घेतले. जेवण झकास झालं. घरी आल्यावर मात्र त्यातलं काही म्हणजे काही करता येईना. पुढच्या खेपेला क्रीट बेटावर, हानिया शहराजवळच्या एका गावात, एका बाईंच्या अंगणात आम्ही चौघंच होतो. तिथं प्रत्येकाच्या पुढ्यात द्राक्षाच्या पानांची चळत आली. माझी पहिली दहा-पंधरा पानं बाईंनी काही न बोलता सोडवली आणि पुन्हा माझ्याच हातात दिली. तो पदार्थ मला आजही येतो.

सुट्टीतला वर्ग निवडताना पाहायचं ते एवढंच की तिथं आपले हात किती चालणार. बाकीच्या पायऱ्या तिथवर पोचण्यासाठी.

पायरी १: दिवस आधी ठरवा, आणि तो सुरुवातीचा ठेवा

पुष्कळ जण असा वर्ग सहलीच्या शेवटच्या दिवशी ठेवतात, निरोपाच्या जेवणासारखा. मी म्हणेन, दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी उरका. कारण एकदा ओट्याशी उभं राहून आलात की पुढचे सगळे दिवस टॅव्हर्नातलं, म्हणजे तिथल्या साध्या खानावळीतलं, मेन्यूकार्ड वेगळं दिसायला लागतं. 'लादेरा' या मथळ्याखाली ऑलिव्ह तेलात आणि टोमॅटोत शिजवलेल्या भाज्या असतात, 'गेमिस्ता' म्हणजे भात भरून भाजलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरच्या, 'खोर्ता' म्हणजे उकडून तेल-लिंबू घातलेल्या रानभाज्या, हे कळलं की शाकाहारी माणूसही ग्रीसमध्ये उपाशी राहत नाही. नाहीतर आठ दिवस चिप्स आणि सॅलड.

ऋतूचाही हिशेब करा. कोवळी द्राक्षपानं वसंतात, मे-जूनच्या सुमारास मिळतात. एरवी मिठाच्या पाण्यात मुरवलेली वापरतात आणि त्यांनीही काम भागतं. टोमॅटो, वांगी, भेंडी उन्हाळ्यात. रानभाज्या हिवाळ्यात आणि वसंतात. जुलै-ऑगस्टमध्ये बेटांवर गर्दी आणि उकाडा दोन्ही असतात, शिवाय भट्टीपुढं उभं राहायचं असतं. मे, जूनची सुरुवात किंवा सप्टेंबर उत्तम. १५ ऑगस्टला तिथं मोठा सण असतो, त्याच्या आगेमागे कुठलीही आयत्या वेळची नोंदणी गृहीत धरू नका.

पायरी २: गाव निवडा

अथेन्स सोयीचं. बाजार पायी अंतरावर, वर्ग सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळी. क्रीटमध्ये शेतघरं आहेत, ऑलिव्हच्या बागा आहेत आणि स्वयंपाक स्वतःचा आहे: जवाच्या कडक टोस्टवर किसलेला टोमॅटो आणि मऊ चीज घातलेला 'दाकोस', चीज किंवा पालेभाजी भरलेली छोटी 'कालित्सुनिया'. वेळ असेल तर मी डोळे झाकून क्रीट सुचवेन.

सांतोरिनी देखणं आहे आणि त्या देखणेपणाचे पैसे लावतं. तरी तिथल्या दोन गोष्टी दुसरीकडे तशा मिळत नाहीत. एक, कोरड्या ज्वालामुखी मातीत वाढलेल्या छोट्या टोमॅटोंची भजी, 'दोमातोकेफ्तेदेस'. दुसरी 'फावा'. नावावरून वालासारखं काही वाटेल, पण हे लाखाच्या कुळातलं पिवळं कडधान्य आहे, आपल्या विदर्भातल्या लाखोळीचं लांबचं भावंड. ते शिजवून, घोटून, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल घालून खातात. पहिला घास घेतल्यावर मला घट्ट वरणाची आठवण झाली, आणि मग फोडणीची.

सिफ्नोस हे लहानसं बेट कमी लोक निवडतात. तिथं हरभरे मातीच्या भांड्यात भरून शनिवारी रात्री भट्टीत ठेवतात आणि रविवारी चर्चमधून आल्यावर खातात. निकोलाओस त्सेलेमेंतेस याच बेटावरचा. त्याच्या पाकपुस्तकाचा ग्रीसमध्ये इतका दबदबा झाला की 'त्सेलेमेंतेस' हा शब्दच पाकपुस्तक या अर्थानं रूढ झाला.

पायरी ३: पैसे भरण्याआधी पत्र लिहा

वर्गाचं शुल्क माणशी साधारण ७० ते १२० युरोंच्या घरात असतं. बाजारफेरी, वाइन, गाडीनं नेणं-आणणं यांवर ते हलतं. एवढे पैसे देताना चार प्रश्न विचारायला लाजू नका. एका वेळी किती माणसं असतात? आठाच्या वर असतील तर एकच ओटा की प्रत्येकाला जागा? कोणते पदार्थ आम्ही सुरुवातीपासून करू आणि कोणते तयार मिळतील? पोळीसारखं पातळ 'फिलो' हातानं लाटायला मिळेल की पाकिटातलं असेल? पीठ मळण्याचं नाव काढल्यावर उत्तर गोलमोल आलं तर तो वर्ग सोडा.

पदार्थांची यादी लांबलचक असेल तर तीही शंकेची खूण समजा. चार तासांत सात पदार्थ म्हणजे सहा दुसऱ्यानं केलेले.

आणि मुसाका शिकायला म्हणून जाऊ नका. वांगी तळणं, खिमा, वरचा बेशामेल सॉस, भाजणं, मग थंड करणं. तीन-चार तासांच्या वर्गात यातलं निम्मं आधी करून ठेवावंच लागतं. गंमत म्हणजे ज्या पांढऱ्या थरामुळे मुसाका 'अस्सल ग्रीक' वाटतो, तो फ्रेंच वळणाचा आहे आणि तो रूढ करण्याचं श्रेय विसाव्या शतकातल्या त्याच त्सेलेमेंतेसला देतात.

पायरी ४: शाकाहाराचं आधीच आणि नेमकं सांगा

इथं आपल्या लोकांची हमखास फसगत होते, म्हणून जरा थांबू. 'शाकाहारी' एवढंच सांगितलंत तर अंडं आणि चीज येणारच. पालक भरून भाजलेल्या 'स्पानाकोपिता'त फेटा नावाच्या चीजबरोबर बहुतेकदा अंडंही असतं. पारंपरिक फेटा प्राणिज रेनेटनं, म्हणजे प्राण्यांच्या जठरातून काढलेल्या विरजणानं, विरजतात, तेव्हा ते पाळणाऱ्यांनी चीजही वगळायला सांगावं. लिहून पाठवा: 'होरीस क्रेआस' मांसाशिवाय, 'होरीस प्सारी' माशाशिवाय, 'होरीस अव्गा' अंड्याशिवाय. जैन मंडळींनी 'होरीस क्रेमीदी, होरीस स्कोर्दो' म्हणजे कांदा-लसणाशिवाय असंही लिहावं. तयारी मात्र ठेवा, कारण कांदा हा तिथल्या स्वयंपाकाचा पाया आहे आणि असा वर्ग मिळायला शोधाशोध करावी लागेल.

एक शब्द तुमच्या फार उपयोगी पडेल: 'निस्तीसिमो', म्हणजे उपवासाला चालणारं. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथात ईस्टरआधीचे सहा-सात आठवडे, १ ते १४ ऑगस्ट आणि इतरही बऱ्याच दिवशी मांस, दूध, अंडी वर्ज्य. ऑगस्टमधला उपवास आपल्या श्रावणाच्या आसपासच येतो. त्यामुळे बिनमांसाच्या, बिनदुधाच्या पदार्थांची तिथं मोठी आणि जुनी परंपरा आहे, पर्यटकांसाठी काल शोधलेली नव्हे. फक्त एक गोम आहे. त्या उपवासाला ऑक्टोपस, माखूल, कोळंबी चालते! म्हणून 'निस्तीसिमो' म्हटल्यावर पुढं 'होरीस थालासिना', समुद्रातलं नको, हे जोडाच.

वाइन नको असेल तर तेही आधी कळवा. कुणी आग्रह करत नाही, पाण्याचा पेला उंचावून 'यामास' म्हटलं तरी चालतं.

पायरी ५: बाजारफेरी असलेला वर्ग मिळाला तर घ्या

अथेन्सचा वार्वाकिओस बाजार अथिनास रस्त्यावर आहे, मोनास्तिराकी स्थानकापासून चालत. रविवारी बंद. एका छपराखाली मांस आणि मासळी, भाजीपाला रस्त्यापलीकडे. अख्खे बोकड टांगलेले असतात, ज्यांना सहन होत नाही त्यांनी थेट भाजीच्या बाजूला किंवा मसाल्यांच्या एव्रिपिदू रस्त्याला जावं. शहरातल्या प्रत्येक वस्तीचा ठरलेल्या वारी भरणारा बाजारही असतो, 'लाइकी'. आपला आठवडी बाजारच.

बाजारात वास घ्या. 'रिगानी', म्हणजे वाळवलेला ओरेगॅनो, चोळून नाकाशी नेलात तर ओव्याच्या पानांची आठवण होईल. दोन्हींतली सुगंधी द्रव्यं जवळची आहेत. आणि 'आनिथोस' दिसला की हसू येईल, कारण तो आपला शेपू. शेपूच्या भाजीला नाक मुरडणारी माणसं ग्रीसमध्ये स्पानाकोपितामध्ये, द्राक्षपानांत आणि काकडीच्या कोशिंबिरीतही शेपू आवडीनं खाताना मी पाहिली आहेत. त्यांची नावं सांगत नाही.

पायरी ६: ओट्याशी

पायात बंद चपला किंवा बूट, हातातल्या अंगठ्या काढलेल्या, आणि पोट रिकामं. मोबाइल दूर. फोटो एकानंच काढावेत आणि बाकीच्यांना पाठवावेत.

पदार्थांपैकी एक निवडा आणि त्याच्याच मागे लागा. माझा कौल 'दोल्मादाकिया'ला, भात भरलेल्या द्राक्षपानांना. अळूवड्या करणाऱ्या हाताला हे काम अर्धं येतंच. देठ छाटायचा. पानाची चकचकीत बाजू ओट्याकडे, शिरांची बाजू वर. देठाच्या टोकाशी चमचाभर सारण, त्यावर खालचा भाग, मग दोन्ही बाजू आत, आणि पुढं गुंडाळी. अळूवडी आपण आवळून वळतो, इथं मात्र सैल ठेवायचं, कारण आतला तांदूळ कच्चा असतो आणि शिजताना फुगतो. माझी पहिली पानं बाईंनी सोडवली ती याचसाठी. बिनमांसाच्या या प्रकाराला 'यालांजी' म्हणतात. शब्द तुर्की, अर्थ 'खोटारडा': आत मांस असल्याचं सोंग करणारा.

त्झात्झिकी, म्हणजे दही-काकडीची कोशिंबीर, शिकताना काकडीकडे लक्ष द्या. किसून, मीठ लावून, अक्षरशः पिळून काढतात. दही म्हणजे आपला चक्काच. भेंडीचा हंगाम असेल तर 'बाम्येस' कशी करतात ते विचारा: टोपी शंकूसारखी तासतात म्हणजे आतलं उघडं पडत नाही, आणि चिकटपणा जावा म्हणून मीठ-व्हिनेगर लावून ठेवतात. आपण आमसूल घालतो, ते व्हिनेगर लावतात.

प्रमाण विचारलंत तर बहुधा 'लिगो', थोडं, असं उत्तर येईल, किंवा 'मे तो माती', म्हणजे डोळ्यानं. आपल्याकडच्या आजीसारखंच. रागावू नका. त्यांनी मूठ भरली की ती मूठ आपल्या तळहातावर रिकामी करून घ्या आणि किती होतं ते लगेच लिहा. पीठ मळून झालं की बोट दाबून बघा. कानाच्या पाळीइतकं मऊ की जास्त, ते लिहा. पातळ फिलो लाटायला तिथं लांबट, बारीक लाटणं असतं. पोळी लाटणाऱ्याला पहिली दहा मिनिटं ते हातात परकं वाटतं.

तेल पाहून दचकायला होईल. 'लादेरा'तलं तेल फोडणीपुरतं नसतं, रस्सा त्याचाच असतो.

पायरी ७: ताट

जे केलं ते सगळ्यांनी मिळून खायचं, सावकाश, दीड तास धरून चला. 'होरियातिकी' सॅलडमध्ये कोबी-लेट्यूस शोधू नका, नसतं. टोमॅटो, काकडी, कांदा, मिरची, ऑलिव्ह आणि वर फेटाची अख्खी वडी. तळाशी साचलेला रस पावानं पुसून खाणं शिष्टसंमत आहे. वर्गानंतर लगेच बोट किंवा विमान पकडायचं ठेवू नका.

पायरी ८: आठवड्याच्या आत घरी करा

पंधरवडा गेला की हात विसरतो. वाळवलेला रिगानी आणा, तो हलका असतो. तेल आणायचं तर पत्र्याच्या डब्यात, सामानात देऊन. हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली बहुतेक विमानतळांवर चालत नाही.

दोल्मादाकियासाठी साधारण ४० पानं, १ वाटी आंबेमोहोर किंवा इंद्रायणी तांदूळ, २ कांदे बारीक चिरून, मूठभर शेपू, थोडा पुदिना, अर्धी वाटी ऑलिव्ह तेल, २ लिंबं, मीठ. कांदा तेलात मऊ करून तांदूळ परतायचा, गॅस बंद करून शेपू-पुदिना मिसळायचा. पातेल्याच्या तळाला फाटकी पानं, वर गुंडाळ्या एकमेकींना चिकटून. लिंबूरस आणि बुडेल इतकं पाणी घालून वर ताटली उपडी दाबायची, नाहीतर पानं उकलतात. मंद आचेवर ४०-४५ मिनिटं. पातेल्यातच गार होऊ द्यायचं.

आपल्याकडे पानं मिळायला नाशिक-सांगलीइतकी दुसरी सोयीची जागा नाही. पण व्यापारी बागेतली पानं घेऊ नका, त्यांच्यावर औषधांच्या फवारण्या झालेल्या असतात. कुणाच्या परसात बिनफवारणीचा वेल असेल तर एप्रिलमधल्या खरड छाटणीनंतर फुटलेली तळहाताएवढी कोवळी पानं मागून आणा, उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवा आणि गार पाण्यात टाका. अर्धी त्याच दिवशी वापरा, अर्धी मिठाच्या पाण्यात बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा.